सोळाव्या वर्षाची गोष्ट

एस. के. अली या कॅनडातल्या मुस्लिम लेखिकेची ‘लव्ह फ्रॉम ए टू झेड’ ही इंग्रजी कादंबरी 2019 साली आली. ती मी अलीकडे वाचली आणि मला फार आवडली. झैनब ही अठरा वर्षांची अमेरिकन मुलगी. हिजाब करते, नमाज पढते आणि तोंडाने फटकळ आहे. वर्गात इस्लामविषयी सतत गरळ ओकणाऱ्या शिक्षकाशी तिचा खटका उडतो. शाळा तिला काही दिवस घरी बसवते आणि ती कतारमधल्या दोहा शहरात मावशीकडे जाते. प्रवासात तिला आदम भेटतो. त्याच्या आईला ज्या आजाराने नेले, तोच मल्टिपल स्क्लेरोसिस आपल्यालाही झाल्याचे त्याला नुकतेच कळले आहे आणि वडिलांना ते कसे सांगावे हे त्याला समजत नाही. दोघांनाही एकच सवय आहे: दिवसभरात दिसलेल्या नवलाच्या आणि विचित्र गोष्टी वहीत लिहून ठेवायच्या. या सवयीचे मूळ तेराव्या शतकातल्या जकरिया कजविनी यांच्या ‘अजाइबुल मखलूकात’ या ग्रंथात आहे. कादंबरी या दोन वह्यांमधूनच पुढे सरकते. दोघे एकमेकांना हातही लावत नाहीत, तरी पान उलटताना वाचणाऱ्याची धडधड काही कमी होत नाही.

इंग्रजीत अशा पुस्तकांना ‘यंग ॲडल्ट’ म्हणतात, म्हणजे पोरवय सरलेल्या पण संसाराला न लागलेल्या वाचकांची पुस्तके. आपल्याकडे अशी कादंबरी आवडली म्हणायचे तर लगेच कारण द्यावे लागते. ‘भाषा सुधारते’, ‘समाजप्रश्न मांडला आहे’, ‘शेवटी नसीहत आहे’ असे काही तरी. नुसते ‘मजा आली’ हे उत्तर चालत नाही. मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. अशी पुस्तके दप्तरात सर्वांत खाली, रजिस्टरच्या आड ठेवलेली असतात हे मला ठाऊक आहे. ती बहुतेक इंग्रजीत असतात हेही ठाऊक आहे. मोठ्यांचे म्हणणे असे की हे पाश्चात्त्यांचे खूळ मोबाइलबरोबर आपल्या घरात शिरले. हे म्हणणे इतिहासाला धरून आहे का, एवढेच या लेखात पाहायचे आहे. त्यासाठी लांब जायला नको. आपले औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आणि त्याच्या आसपासचा पन्नास किलोमीटरचा मुलूख पुरेसा आहे.

पैठण आणि देवगिरी

दक्षिणेला पैठण आहे, सातवाहनांचे प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही सातशे गाथांची जमवाजमव महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या पणजीच्या भाषेत. त्यात राजेरजवाडे फार थोडे. शेतावर राखणीला बसलेली मुलगी, वाटसरूला पाणी देताना धार मुद्दाम बारीक करणारी तरुणी, परगावी गेलेल्या नवऱ्याचे दिवस मोजणारी नवी नवरी अशी माणसे त्यात आहेत. काही गाथा स्त्रियांच्या नावावर आहेत. या मातीतले सर्वांत जुने साहित्य कोणते असे विचारले, तर उत्तर हेच: गावातल्या तरुण पोरापोरींच्या मनातल्या गोष्टी.

वायव्येला देवगिरी, म्हणजे दौलताबाद. यादवांच्या काळात, तेराव्या शतकाच्या अखेरीस, नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. न पाहिलेल्या कृष्णाची कीर्ती ऐकून त्याच्यावर जीव लावणारी मुलगी, घरच्यांनी ठरवलेले दुसरेच स्थळ आणि तिने गुपचूप धाडलेला निरोप, असा हा सगळा मामला आहे. महानुभाव परंपरा सांगते की हे काव्य आपल्या नावावर करावे अशी इच्छा खुद्द रामदेवराव यादवाला झाली. त्याने त्यासाठी सोने देऊ केले आणि नरेंद्राने ते नाकारले. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, त्या काळी एका प्रेमकथेची काय किंमत होती ते तिच्यातून कळते.

त्याच पंथातले भास्करभट बोरीकर. त्यांनी ‘शिशुपाळवध’ लिहिला. नाव वधाचे, पण रंगले आहे ते कृष्ण-रुक्मिणीच्या प्रेमात. गुरुबंधूंनी ग्रंथ वाचला आणि अभिप्राय दिला तो साधारण असा: ग्रंथ उत्तम झाला आहे, पण संसार सोडलेल्यांच्या कामाचा नाही, संसारात रमणाऱ्यांना तो शोभेल. त्यानंतर भास्करभटांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली. आज आपल्या घरात चालणारा वाद सातशे वर्षांपूर्वी मराठीत असा झाला होता. त्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गुरुबंधूंनी ‘उत्तम झाला आहे’ हे आधी म्हटले आणि ग्रंथ जाळला नाही. म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

दखनी मसनवीतली मुले

आता आपल्या दुसऱ्या भाषेकडे येऊ. घरात आपण जी बोलतो ती दखनी ही उर्दूची थोरली बहीण. तिच्यातला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आला आणि जोर देण्यासाठी शब्दाच्या शेपटाला लावायचा ‘च’ही मराठीचाच. हे शब्द गोलकोंडा आणि विजापूरच्या जुन्या पोथ्यांमध्ये सापडतात. त्या पोथ्यांमध्ये सर्वांत गाजलेल्या कोणत्या? बहुतेक प्रेमकथा.

मुल्ला वजहीची ‘कुतुब मुश्तरी’ 1609 सालची. शहजादा स्वप्नात बंगालची शहजादी मुश्तरी पाहतो आणि अन्नपाणी सोडतो. अतारिद नावाचा चित्रकार मित्र त्याला तिच्या शोधात घेऊन निघतो. इब्ने निशातीचे ‘फूलबन’ 1655चे. विजापूरच्या नुसरतीचे ‘गुलशन-ए-इश्क’ 1657च्या सुमाराचे. हा तोच नुसरती, ज्याने ‘अलीनामा’त अली आदिलशाहाच्या मोगलांशी आणि शिवाजी महाराजांशी झालेल्या लढाया वर्णिल्या. तलवारीचे काव्य लिहिणाऱ्या त्याच कलमाने मनोहर आणि मधुमालती यांची कथा लिहिली. पऱ्या झोपलेल्या मनोहरला उचलून मधुमालतीच्या महालात नेतात, दोघे जागे होतात, बोलतात, अंगठ्या बदलतात, आणि सकाळी आपापल्या घरी जागे झाल्यावर हे स्वप्न होते की खरे, तेच त्यांना कळत नाही. ही कथा नुसरतीची स्वतःची नव्हे. मंझन या सूफी कवीने 1545 साली अवधीत लिहिलेल्या ‘मधुमालती’तून ती आली. म्हणजे नावे हिंदू, कवी मुसलमान, भाषा आधी अवधी आणि मग दखनी, आणि वाचणारे सगळेच. 1743 सालची तिची एक दखनी प्रत आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. तिच्यात 97 चित्रे आहेत. ज्या पुस्तकावर इतका रंग आणि इतके सोने खर्च होते, ते कोणी लपवून वाचत नसणार.

या कथांमधल्या नायक-नायिकांची वये पाहा. चौदा, पंधरा, सोळा. उत्तरेत 1785 साली मीर हसनने लिहिलेल्या ‘सिहरुल बयान’मधली बद्रे मुनीरही याच वयाची. ती दुनिया लवकर लग्नांची होती, हे खरे. पण त्या काव्यांचा विषय लग्न हा नाही. पहिल्यांदा जीव लावणे, पहिल्यांदा घराच्या धाकाबाहेर पाऊल टाकणे, पहिल्यांदा स्वतःचे काही ठरवणे, हा आहे. आजच्या ‘यंग ॲडल्ट’ कादंबरीचा विषयही तंतोतंत हाच. बांधणीही जुळते: अवचित भेट, मदतीला एक मित्र, मग हिज्र, मध्ये एक मोठे संकट आणि शेवटी मिलन. तेव्हा वाटेत देव आणि जादूगार होते. झैनब आणि आदमच्या वाटेत द्वेष करणारा शिक्षक आणि शरीर पोखरणारा आजार आहे. मला ही कादंबरी वाचताना जी ओळखीची गोडी लागली तिचे कारण हेच असावे. कपडे नवे होते, माणसे जुन्या घरातली होती.

सिराजचा बगीचा

या सगळ्यांत आपल्या शहराचा माणूस सिराज औरंगाबादी. जन्म अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला, मृत्यू 1763. त्याची तहय्युर-ए-इश्कची गझल आज कव्वालांमुळे जगभर ऐकली जाते, पण ऐकणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असते की तो आपल्या गल्ल्यांतून फिरला? वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी त्याच्यावर जज्बची अवस्था आली. घर सोडून तो खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती भटकत राही. घरच्यांनी त्याच्या पायात बेड्याही घातल्या. पुढे तो हजरत शाह अब्दुर्रहमान चिश्ती यांचा मुरीद झाला आणि मुर्शिदच्या सांगण्यावरून ऐन भरात त्याने गझल लिहिणे थांबवले.

थांबलेल्या या कवीने 1747 साली, म्हणजे हिजरी 1160 मध्ये, एक मसनवी लिहिली: ‘बोस्तान-ए-खयाल’. शेर 1160, हिजरी सालाएवढेच. तिच्यात परी नाही, देव नाही, शहजादा नाही. एक दुखावलेला माणूस स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगतो. कोणावर जीव लावला, ताटातूट कशी झाली, मित्रांनी मन रमवायला काय काय केले आणि मन कसे रमले नाही. यातला मेहबूब एक तरुण आहे. फारसी-उर्दू शायरीत हे नवे नव्हते आणि सिराजनेही ते झाकले नाही. शेवटी तो अल्लाहपुढे हात पसरतो.

मुद्दा असा की आपल्या शहराच्या सर्वांत मोठ्या सूफी कवीला प्रेमाची गोष्ट सांगण्यात आपल्या दीनशी दगाबाजी वाटली नाही. त्याच्यासाठी इश्क-ए-मजाजी ही इश्क-ए-हकीकीच्या जिन्याची पहिली पायरी होती. पायरीवर बसून राहू नये, हे खरे. पण पायरी उखडून टाकली तर वर जायचे कुठून?

हा विचार सूफींपुरताही नव्हता. कॉर्डोव्याचे इब्ने हज्म हे कडक फकीह, शब्दाच्या उघड अर्थाला धरून चालणारे. त्यांनी अकराव्या शतकात ‘तौकुल हमामा’ हा प्रेमावरचा ग्रंथ लिहिला आणि त्यात स्वतःच्या तरुणपणच्या आठवणीही सांगितल्या. कुरआनने तर सूरह यूसुफमधल्या कथेला अहसनुल कसस, म्हणजे किस्स्यांतला उत्तम किस्सा, म्हटले. त्यात जुलेखाची ओढ आहे, बंद दरवाजे आहेत, फाटलेला कुर्ता आहे आणि शहरातल्या बायकांची कुजबुजही आहे. मुलींना ही सूरह शिकवू नये असे म्हणणारेही जुन्या काळी होते, पण त्यासाठी पुढे केली जाणारी रिवायत हदीसच्या जाणकारांनी मान्य केली नाही. विजापूरच्या हाशमीने सतराव्या शतकाच्या अखेरीस हीच कथा दखनीत आणली. हाशमी आंधळा होता असे सांगतात, आणि बायकांच्या बोलीत लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

मग हे लपवणे कधी आले?

एकोणिसाव्या शतकात. 1857 नंतर मुसलमानांनी स्वतःच्या ऱ्हासाची कारणे शोधली, तेव्हा बोट किस्से-कहाण्यांकडे गेले. डेप्युटी नजीर अहमद यांच्या ‘तौबतुन्नसूह’ या 1870च्या दशकातल्या कादंबरीत सुधारलेला बाप थोरल्या मुलाची, कलीमची, शायरीची आणि किस्स्यांची पुस्तके जाळतो. उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांपैकी एकीत हे पुस्तकांचे जळीत आहे. पुढची गंमत अशी की विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये मुलींनी कोणती पुस्तके वाचू नयेत याची यादी आली. तिच्यात ‘अलिफ लैला’ आणि बद्रे मुनीरच्या किस्स्याबरोबर खुद्द नजीर अहमद यांच्या कादंबऱ्याही होत्या! काही गोष्टी चांगल्या, काही ईमान कमजोर करणाऱ्या, असा शेरा त्यांच्यावर होता. मुलींनी शिकावे यासाठी दोघांनीही आयुष्य वेचले, हे विसरून चालणार नाही. ‘बहिश्ती जेवर’मुळे असंख्य मुली वाचायला शिकल्या. पण वाचता येऊ लागल्यावर गोडीने काय वाचायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र आक्रसत गेले.

मराठीतही त्याच सुमारास काहीसे तसेच चालले होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868ची. दोन्ही अद्भुताने भरलेल्या प्रेमकथा. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अलिफ लैला’ मराठीत आणली तीही याच दशकात. रिसबुडांनी प्रस्तावनेत सांगून टाकले की आपल्या लग्नाच्या रीतीमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात रंजक असे काही घडतच नाही, मग लेखकाने लिहायचे काय? पुढच्या पिढ्यांनी या पुस्तकांना ‘अद्भुतरम्य’ असा शिक्का मारून बाजूला ठेवले. पण ती वाचली गेली, आणि मराठीत कादंबरीचा वाचक तयार झाला तो त्यांच्यावरच.

एक शाळा तपासनीस

या गोष्टीत एक वळण आपल्याच शहरात आले. मौलवी अब्दुल हक निजामाच्या राज्यात शिक्षण खात्याचे अधिकारी होते, शाळा तपासायचे, आणि नंतर इथल्या उस्मानिया इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूची जबाबदारी 1912 साली त्यांच्याकडे आली आणि अंजुमनचे दफ्तर औरंगाबादला आले. ‘उर्दू’ हे त्रैमासिक 1921 पासून इथूनच निघू लागले. लोक विसरून गेलेल्या दखनी पोथ्या शोधून, ताडून, छापून काढायचे काम या माणसाने हाती घेतले. 1932 साली वजहीची ‘सबरस’ इथूनच छापली गेली. 1635 सालचे हे पुस्तक दखनी गद्याचा कळस मानतात. तिची गोष्ट काय? हुस्न नावाची शहजादी आणि दिल नावाचा शहजादा. बाकी पात्रे अक्ल, इश्क, नजर, गम्जा.

मुलांच्या शाळा तपासणारा, उभी हयात उर्दूला वाहिलेला, ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखला जाणारा हा गंभीर माणूस. भाषेची मुळे शोधायला निघाला आणि हाती लागल्या त्या प्रेमकथा. त्याने त्या लपवल्या नाहीत. प्रस्तावना लिहून, सन्मानाने लोकांपुढे ठेवल्या. पण त्या अभ्यासकांच्या कपाटात गेल्या. शाळेच्या बाकापर्यंत पोचल्या नाहीत.

आता आपल्या हातात काय आहे

आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी रजिया बट यांच्या कादंबऱ्या वाचल्या, दिल्लीहून येणारी ‘खातून मशरिक’सारखी मासिके वाचली. मराठी घरांत ना. सी. फडक्यांपासून पुढच्या लेखक-लेखिकांची पुस्तके भाड्याने देणाऱ्या वाचनालयांतून यायची. हलके वाङ्मय म्हणून त्यांना नावे ठेवली गेली. पण त्या बायकांचे उर्दू आणि मराठी त्या हलक्या पुस्तकांनीच टिकवले. शाळा सुटल्यावरही त्या वाचत राहिल्या, कारण पुढे काय झाले हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

आज सोळा वर्षांच्या मुलीला तिच्याच वयाची गोष्ट हवी असेल, तर ती इंग्रजीकडे जाते. इंग्रजी वाचावे, जरूर वाचावे. मला दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. उर्दू आणि मराठी या दोन भाषा तिच्या लेखी परीक्षेच्या, निबंधाच्या आणि नसीहतीच्या होऊन बसल्या आहेत. जिच्यात आपल्या मनातली कोणतीच गोष्ट कोणी सांगत नाही, त्या भाषेत माणूस किती दिवस वाचेल?

‘लव्ह फ्रॉम ए टू झेड’मध्ये मला एक उणीव जाणवली. तिच्यातली दुनिया विमानतळांची, संग्रहालयांची आणि परदेशी शिक्षणाची आहे. रोशन गेट, किराडपुरा, शहागंज इथल्या मुलींना तीत स्वतःचा हिजाब दिसेल, नमाज दिसेल, वर्गातला अपमान दिसेल, पण स्वतःची गल्ली दिसणार नाही. लेखिकेचा हा दोष नाही. ती तिच्या गल्लीबद्दल लिहिते. आपल्या गल्लीबद्दल आपण लिहायचे आहे.

पालकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. मुलगी बिघडेल, शिक्षण सुटेल, बदनामी होईल, या धास्तीत वाढलेली ती माणसे आहेत, आणि आजचे दिवस त्यांची धास्ती वाढवणारेच आहेत. पण गोष्ट न वाचल्याने सोळावे वर्ष टळत नाही. ते येतेच. त्या वर्षी मुलीच्या हाती सोबतीला काय असेल, एवढेच आपल्या हातात आहे. तिने मोबाइलवर आलेल्या कोणाच्याही गोड शब्दांवर भुलावे, की ओढ, धीर, नकार, मर्यादा, ताटातूट या सगळ्यांची ओळख आधी पुस्तकात करून घेतलेली असावी? वाट पाहणे म्हणजे काय, हे झैनब आणि आदम ज्या तऱ्हेने शिकतात, ते दहा व्याख्यानांनी शिकवता येणार नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरातल्या मोहल्ल्यांमध्ये मुलांसाठी छोटी वाचनालये सुरू झाली आहेत. त्यांच्यासाठी मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ‘गुलशन-ए-इश्क’ आणि ‘कुतुब मुश्तरी’ आजच्या सोप्या उर्दूत आणि मराठीत, चित्रांसह, शंभर-सव्वाशे पानांत सांगाव्यात. ‘रुक्मिणीस्वयंवर’ही तसेच, म्हणजे आपल्या मुलांना कळेल की देवगिरीच्या पायथ्याशी मराठीत काय लिहिले जात होते. आणि ज्याला लिहिता येते त्याने आजच्या मुलामुलींची एक तरी कादंबरी लिहावी, जिच्यात नायिका सिटी बसने कॉलेजला जाते, घरी दखनी बोलते, वर्गात मराठी बोलते आणि रमजानमध्ये सहेरीनंतर अभ्यासाला बसते. नसीहत नाही घातली तरी चालेल. सोळा वर्षांच्या वाचणारीला पहाटेपर्यंत जागवेल एवढी ती चांगली असावी.